अपुऱ्या बांधकामांचा मुलूख

एखाद्या नगराची थोरवी तेथील पुऱ्या झालेल्या इमारतींवरून जोखावी, असा जो आपल्याकडील नगरपालिकांचा आणि प्रवास-मार्गदर्शिकांच्या कर्त्यांचा समज आहे, तो एडिंबरा शहरी मुक्काम पडल्यावर फार काळ टिकत नाही. कारण त्या शहराच्या ऐन मध्यावर, कॅल्टन नामक टेकडीच्या माथ्यावर, अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या धर्तीवर एक भव्य स्मारक उभारण्याचा संकल्प सोडून १८२६ साली जे काम हाती घेण्यात आले, ते १८२९ साली खजिन्यात खडखडाट झाल्यामुळे बारा खांबांवर तहकूब झाले, आणि ते आजतागायत तहकूबच आहे. स्मारक नेपोलियनशी झालेल्या युद्धांत कामी आलेल्या वीरांचे. दुसऱ्या कोणत्याही देशाने एवढ्या अवधीत एक तर पुन्हा वर्गणी गोळा करून ते तडीस नेले असते, नाहीतर एका रात्रीत ते जमीनदोस्त करून तेथे मुलांसाठी घसरगुंडी बसवली असती. स्कॉटिश मनुष्याने यांपैकी काहीही केले नाही. त्याने त्या बारा खांबांना प्रथम ‘एडिंबराची नाचक्की’ असे नाव ठेवले आणि नंतर त्याच नाचक्कीच्या जोत्यावर बसून सूर्यास्त पाहण्याची वहिवाट पाडली. वहिवाटीने जमिनीचा हक्क शाबीत होतो हे आम्हांस दिवाणी कचेरीत कारकुनी केल्यामुळे ठाऊक होते. नामुष्कीचाही हक्क त्याच मार्गाने शाबीत होतो, हे मात्र कॅल्टनवर कळले.

काळाच्या बाबतीतही या शहराचे धोरण असेच ऐसपैस आहे. किल्ल्याच्या बुरुजावरून रविवार वगळता रोज दुपारी एकच्या ठोक्याला एक तोफ डागली जाते. बंदरातल्या जहाजांना आपली घड्याळे जुळवून घेता यावीत म्हणून १८६१ साली ही प्रथा सुरू झाली. तिकडे, वेव्हर्ली स्थानकाच्या डोक्यावर, बॅल्मोरल हॉटेलच्या मनोऱ्यावरील घड्याळ मात्र, उतारूंची गाडी चुकू नये या भूतदयेपोटी, बुद्ध्याच तीन मिनिटे पुढे ठेवलेले असते, आणि फक्त वर्षअखेरीच्या रात्री ते खऱ्या वेळेवर आणले जाते. म्हणजे काळाच्या दोन कचेऱ्या एकमेकींच्या दृष्टिपथात बसून परस्परविरुद्ध दाखले देतात, आणि नगरवासी दोन्ही दाखले ग्राह्य धरतात. आमच्या कुटुंबाने आपले मनगटी घड्याळ हॉटेलच्या घड्याळाशी मोठ्या निष्ठेने जुळवून घेतले होते. त्यामुळे किल्ल्यावर धडाका होऊन आसमंतातील कबुतरे उडाली, तेव्हा मनगटाकडे पाहत, “तोफ तीन मिनिटं मागे आहे,” असा शेरा तिने मारला. तो आजही कायम आहे.

वेव्हर्ली हे स्थानकाचे नाव सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्यांवरून आले. मुख्य रेल्वे स्थानकास कादंबरीचे नाव देणारे शहर आणि शेजारच्या उद्यानात त्या लेखकासाठी दोनशे फूट उंचीचा कातीव दगडी मनोरा बांधणारे नागरिक ज्या भूमीत निपजले, तिच्याविषयी लेखणी धरणाऱ्या कोणाही माणसाच्या मनात आदर उत्पन्न व्हावा, हे ओघानेच आले. मनोऱ्यास २८७ पायऱ्या आहेत. त्या चढून गेल्यावर आम्हांस सर्व दिशांना सारख्याच दाटीचे धुके दिसले.

येथील पावसाविषयी एक शब्द लिहिणे भाग आहे. आमच्या कोकणातला पाऊस नौबत वाजवीत येतो आणि कौले फोडून जातो. येथला पाऊस सारावसुलीस आलेल्या कारकुनासारखा हलक्या पावलांनी येतो, आवाज चढवीत नाही, पण दिवसभर ओटीवरून उठत नाही. आमचा भाचा ग्लासगोस जहाजबांधणीच्या कामावर असून त्याने या देशाचे पाणी पुरते अंगी मुरवले आहे. कोटाच्या बाहीतून थेंब गळत असतानाही तो प्रसन्न मुद्रेने म्हणे, “मामा, आज हवा फारच छान आहे.” मामीस पहिले दोन दिवस ही थट्टा वाटली. पुढे तिच्या लक्षात आले की तो वस्तुस्थितीच निवेदन करीत होता.

ग्लासगो हे एडिंबराहून मोठे, काळवंडलेले आणि मोकळ्या मनाचे शहर. १८९६ साली सुरू झालेली तेथील भुयारी रेल्वे पंधरा स्थानकांची एक प्रदक्षिणा घालून पुन्हा जेथल्या तेथे येते. हरवण्याची भीती नसलेली आगगाडी आपण जन्मात प्रथमच पाहिली, असे कुटुंबाने जाहीर केले. परंतु ज्या दर्शनासाठी आम्ही या शहराचे कायमचे ऋणी राहू, ते जमिनीवर, आधुनिक कलेच्या संग्रहालयासमोर घडले. तेथे ड्यूक ऑफ वेलिंग्टनचा, मारोकेत्ती नावाच्या इटालियन शिल्पकाराने घडवलेला, १८४४ सालचा अश्वारूढ पुतळा आहे. आणि त्या ड्यूकच्या मस्तकावर, रस्त्यातील खोदकामाभोवती मांडतात तसला, नारिंगी रंगाचा एक रहदारीचा शंकू बसवलेला आहे.

वाचकांनी क्षणभर थांबावे. हा वेलिंग्टन म्हणजे वॉटर्लूचा विजेता हे साऱ्या जगास विदित आहे. पण आमच्या लेखी तो आर्थर वेलस्ली आहे, ज्याने १८०३ च्या ऑगस्टात नगरचा किल्ला घेतला, आणि पुढच्याच महिन्याच्या २३ तारखेस असईच्या मैदानात शिंदे व भोसले यांच्या फौजांचा मोड केला. त्या दिवशी त्याच्या मांडीखालचे दोन घोडे जायबंदी झाले, मराठी तोफखान्याने हायलँडरांची ७४ वी पलटण निम्म्याहून अधिक कापून काढली, स्वारी मात्र जशीच्या तशी राहिली. जे काम दौलतराव शिंद्यांच्या शिस्तबद्ध कंपूंना आणि नागपूरकरांच्या घोडदळास साधले नाही, ते ग्लासगोच्या मद्यालयांतून रात्री उशिरा घरी परतणाऱ्या काही अनाम तरुणांनी, कोणत्याही फौजफाट्याशिवाय, केवळ एकमेकांच्या खांद्यावर चढून, गेली कित्येक दशके अव्याहत चालवले आहे. आम्ही भर चौकात त्या शंकूस मुजरा केला. भाचा संकोचून दोन पावले बाजूस सरला.

शहराच्या पालिकेने हा शंकू उतरवण्याचे पुष्कळ उपाय केले. तो सकाळी उतरावा, रात्री पुन्हा चढावा. अखेर २०१३ साली पुतळ्याचा चौथराच उंच करावा, म्हणजे कोणाचे हात पोचणार नाहीत, अशी ६५,००० पौंडांची तजवीज पुढे आली. तेव्हा हजारो नागरिकांनी शंकूच्या बाजूने सह्यांचे अर्ज गुदरले, आणि पालिकेने ती तजवीज गुंडाळून ठेवली. शासनाने प्रजेपुढे टोपी उतरवल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. प्रजेची टोपी सरदाराच्या डोक्यावर कायम केल्याचे हे एकच.

पश्चिम किनाऱ्यावर ओबन नावाचे बंदर आहे. त्याच्या टेकडीवरही एक अपुरे बांधकाम पाहून आमच्या मनात आता आश्चर्याऐवजी घरोब्याची भावना उत्पन्न झाली. मॅकेग नावाच्या एका सावकाराने, हिवाळ्यात बेकार बसणाऱ्या गवंड्यांना रोजगार मिळावा आणि जाता जाता आपल्या घराण्याचे नाव अजरामर व्हावे, या दुहेरी हेतूने १८९७ पासून रोमच्या कलोसियमच्या नमुन्याचे एक वर्तुळ तेथे बांधावयास घेतले. भिंती उभ्या राहिल्या, आणि १९०२ साली सावकार वारले. मृत्युपत्रात त्यांनी तेथे आपल्या आईबापांचे व भावंडांचे पुतळे बसवण्यासाठी पैसा ठेवला होता. परंतु त्यांच्या भगिनीनेच त्यास हरकत घेऊन दावा लावला, आणि असल्या पुतळ्यांपासून कोणासही काडीचा लाभ नाही, अशा आशयाचा निवाडा न्यायालयाने दिला. आपल्याकडील कित्येक चौकांचे स्मरण होऊन आम्ही त्या न्यायासनास मनोमन वंदन केले.

ओबनहून आगबोट मल बेटावर उतरवते. तेथील रस्ते एका मोटारीच्या रुंदीचे असून समोरून दुसरी आल्यास बाजूस सरण्यासाठी ठिकठिकाणी रस्त्यालाच पोट काढलेले आहे. त्यामुळे दोन्ही सारथी दोन टोकांच्या पोटांत शिरून एकमेकांस ‘आधी आपण यावे’ अशा खुणा करीत बसतात, आणि हे सौजन्य पराकोटीस पोचते तोवर मधल्या रस्त्यावर एक मेंढी येऊन बसते. मेंढीस कोणी हॉर्न देत नाही. पलीकडे आयोनाचे इवलेसे बेट. ५६३ साली आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबाने तेथे मठ स्थापला आणि मॅकबेथ राजाचे दफनही तेथेच झाले, अशी परंपरा आहे. पाहुण्यांच्या मोटारींना त्या बेटावर मज्जाव असल्यामुळे भाच्याची वाणी प्रथमच अध्यात्माकडे वळली.

राहता राहिले स्टाफा. या निर्मनुष्य बेटावरील फिंगलच्या गुहेवरून मेंडेलसोन या जर्मन संगीतकाराने प्रसिद्ध रचना केली खरी; पण तिचे आरंभीचे सूर त्याने ७ ऑगस्ट १८२९ रोजी, म्हणजे गुहा पाहण्याच्या आदल्या दिवशीच, पत्रात लिहून टाकले होते, आणि प्रत्यक्ष गुहेच्या दिवशी त्यास बोट लागली होती. प्रवासवर्णनकारांनी या दृष्टांताचा जरूर विचार करावा. आम्ही गेलो त्या दिवशी समुद्र इतका फुगला होता की नावाड्याने बेटावर उतरवण्यास साफ नकार दिला आणि गुहेच्या तोंडासमोरच नाव हेलकावत ठेवली. मनुष्याने हाती घेतलेले एकेक काम अर्धवट टाकणाऱ्या या मुलखात निसर्गाने मात्र काम पुरे केलेले दिसले: थंड होत जाणाऱ्या लाव्हाला तडे जाऊन घडलेले काळेभोर षट्कोनी खांब, एकास एक लावून, ओळंब्यात उभे, एकही तहकूब नाही. सारी नाव स्तब्ध झाली.

“अहो, हा तर आमच्या गिल्बर्ट टेकडीचा दगड!” आमचे कुटुंब म्हणाले. तिचे माहेर अंधेरीचे. “अस्सेच खांब आहेत. वर गावदेवीचं देऊळ आहे, चढायला पायऱ्या आहेत.”

“मामी, पण हा खडक जवळजवळ सहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे,” भाचा नव्या मायभूमीच्या अभिमानाने म्हणाला.

“आमचा त्याहून जुना असेल.”

भाच्याने ओल्या खिशातून मोबाइल काढून पडताळा पाहिला. दख्खनचा खडक साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा निघाला, आणि निकाल खर्चासह मामीच्या बाजूने लागला. नाव माघारी वळेपर्यंत तिने शेजारी बसलेल्या एका जर्मन बाईंना अंधेरीचे आमंत्रण देऊन, स्टेशनपासून रिक्षाला किती द्यावे आणि त्याहून एक रुपयाही अधिक का देऊ नये, हे बोटांवर मोजून समजावून दिले होते.