मामांचा भागाकार

वेरूळचं एक लेणं बघायला एक रुपया अठरा पैसे पडतात. हा दर पुरातत्त्व खात्यानं लावलेला नाही, माझ्या मामांनी काढलाय. तिकीट ४० रुपये, लेणी ३४. रोख न देता मोबाइलवरून भरले तर पाच रुपये सुटतात, मग तोच दर एक रुपया तीन पैशांवर येतो. "आणि त्यात सोळा नंबरचं कैलास आलं," मामा म्हणतात. "अख्खा डोंगर कळसापासून खाली कोरत आणलाय. एक रुपया तीन पैशात! जगात कुठं मिळायलंय, सांग."

छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याच्या तिकिटाबद्दल त्यांचं मत इतकं चांगलं नाही. २५ रुपये आणि इमारत एक. चार मिनार धरून भागलं तरी मिनारी सव्वासहा, म्हणजे वेरूळच्या पाचपट. पण मकबऱ्याच्या बांधकामाबद्दल मात्र त्यांना नितांत आदर. औरंगजेबानं सात लाख मंजूर केले होते म्हणतात, आणि जुन्या तवारिखेत खर्चाचा आकडा मिळतो ६,६८,२०३ रुपये ७ आणे. लोक ताजमहालाशी तुलना करून नाक मुरडतात. मामा त्या सात आण्यांवर जीव ओवाळून टाकतात. "मंजुरीच्या आत काम, आणि आणेपैशासकट हिशेब. आत्ताचा एखादा उड्डाणपूल दाखव असा!"

मामा वाळूजच्या एका कारखान्यात कॉस्टिंगला होते. चौतीस वर्षं त्यांनी एका बोल्टला किती पडतात हे काढलं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, बोल्ट गेले, भागाकार राहिला. सिडको एन-सातच्या त्यांच्या घरात शिरलं की पाण्याच्या आधी प्रश्न येतो, "रिक्षाला किती घेतले?" उत्तर काहीही द्या, मामांचा चेहरा एकच होतो: नुकतीच कुणाची तरी वाईट बातमी कळल्यासारखा. लग्नाच्या पंगतीत ते आहेराच्या पाकिटाला जिलब्यांनी भागतात. मामींनी एकदा हौसेनं सातशेची पैठणी-काठाची ओढणी घेतली, तर "वर्षात किती वेळा पांघरशील?" असं विचारून त्यांनी तिचा दर-वापर खर्च काढला. त्यावर मामींनी ती ओढणी महिनाभर रोज, भाजी निवडतानासुद्धा, पांघरली. मामा खूश. मामींचा टोमणा त्यांना लागलाच नाही. त्यांना फक्त दर उतरताना दिसला.

तर अशा माणसाकडे नातवंडांनी थीम पार्कला न्यायचा हट्ट धरला.

मामांना हा विषय नवा नव्हता. त्यांच्या मते करमणुकीचे तीन कालखंड आहेत. पहिला जत्रेचा. छावणीतल्या कर्णपुऱ्याला नवरात्रात पाळणे येतात. बसाल तेवढे पैसे द्या, नाही बसलात तर नुसतं बघा. बघायला पैसे नाहीत. दुसरा कालखंड १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड उघडलं तिथून. बोटीनं खाडी ओलांडायची, दारात एकदाच पैसे मोजायचे आणि अंधार पडेस्तोवर पुन्हा पुन्हा बसायचं. हे मामांचं सुवर्णयुग. तिकीट हा अंश, पाळणे हा छेद. अंश मालकाच्या हातात, छेद आपल्या! माझी मामेबहीण सांगते, तिच्या लहानपणीच्या त्या सहलीतलं तिला समुद्र आठवत नाही, बोट आठवत नाही. पाळण्यातून उतरताच पाठीत येणारा बाबांचा हात आणि "परत बस" हे शब्द तेवढे आठवतात. ती रडायला लागली तेव्हा मामांनी समजूत काढली होती, "दोनदाच अजून. मग छेद दहाचा होतो."

तिसरा कालखंड आत्ताचा, आणि तो मामांना सोसत नाही. २०१३ मध्ये खोपोलीला इमॅजिका आलं, तिकिटाचा आकडा चार अंकी झाला. २०१७ ला जीएसटी आला तो अशा पार्कांवर थेट २८ टक्के. जानेवारी २०१८ मध्ये १८ वर उतरला, त्या दिवशी मामांनी गुलमंडीवरून इमरती आणली. कुणाला कुठं जायचंही नव्हतं. "नाही जायचं म्हणून काय झालं," ते म्हणाले, "स्वस्त झालं ना!"

आता मुख्य गोष्ट. पार्कचं नाव सांगत नाही. मामांची सक्त ताकीद आहे, दीड हजार देऊन वर फुकट जाहिरात करायची नाही.

तिकिटं काढायलाच नऊ दिवस लागले. कारण दर एक नव्हता. शनिवार-रविवारचा वेगळा, सुट्टीचा वेगळा, आधी काढला तर वेगळा. मामा रात्री बारा वाजता उठून मोबाइलवर दर बघायचे. तारीख बदलते तेव्हा दर पडतो असा त्यांचा समज होता. शेवटी परीक्षेच्या आठवड्यातला मंगळवार सगळ्यात स्वस्त निघाला. नातवाचा परिसर अभ्यासाचा पेपर त्याच दिवशी होता. मामांनी शाळेला अर्ज लिहिला, 'परिसर पाहण्यासाठी'.

पहाटे तीनला निघालो. मामींनी तीस धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा घेतला होता. आत बाहेरचं खाणं चालत नाही हे तिकिटावरच छापलं होतं, आणि आतल्या वडापावाचा भाव मामांनी आधीच कुणाकडून तरी काढून ठेवला होता. म्हणून वाहनतळावरच, गाडीच्या बॉनेटवर, सकाळी साडेनऊला दुपारचं जेवण झालं. "पिशवीतून न्यायला बंदी आहे, पोटातून नाही," असं म्हणत मामांनी प्रत्येकाला एकेक धपाटा वाढवून घातला. मला सहा. त्यानंतर मी ज्या पाळण्यात बसलो त्याबद्दल काही न लिहिलेलं बरं.

दाराशी उंची मोजायची पट्टी होती. तिथल्या नियमानं १४० सेंटिमीटरला पोरगं संपतं आणि मोठा माणूस सुरू होतो. मुलाचं तिकीट बरंच कमी. नातू घरच्या दाराच्या चौकटीवर १४१ भरला होता. आठवडाभर मामांनी त्याचा सराव घेतला होता: बूट नाही, चापट चप्पल, केस बारीक, आणि पट्टीखाली आल्यावर गुडघे किंचित, पँटच्या आत, दिसणार नाही एवढेच वाकवायचे. पोरगं गुणी. पट्टीखाली गेलं आणि १३८ भरलं. मनगटाला पिवळा पट्टा बांधला. आमचे निळे. मामांच्या चेहऱ्यावर मी तो आनंद नातू झाला तेव्हाही पाहिला नव्हता.

पन्नास मिनिटं रांगेत उभं राहून आम्ही सगळ्यात मोठ्या झुकझुकीपाशी पोचलो. रोलर कोस्टरला मामा झुकझुकीच म्हणतात, सिद्धार्थ उद्यानातली ती झुकझुकी आणि ही झुकझुकी यांच्यात त्यांच्या लेखी फक्त दराचा फरक. तिथल्या पोरानं पिवळा पट्टा बघून हात आडवा घातला. याच्यावर १४० च्या खालच्यांना बसता येत नाही. नातू ताठ उभा राहिला. पुन्हा मोजा म्हणाला. मोजलं तर १४१.

"आत्ता वाढला," मामा म्हणाले.

तो पोरगा हसला नाही. पट्टा पिवळा, म्हणून नाही. पट्टा बदलायचा तर दाराशी जाऊन फरक भरा. मामांनी नातवाकडे पाहिलं, फरकाच्या आकड्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच, आमच्या देखत, त्यांना भागाकार जमेना. नातवाचे डोळे भरून आले होते. शेवटी मामी काही न बोलता दाराशी गेल्या, कमरेच्या बटव्यातून पैसे काढून निळा पट्टा घेऊन आल्या आणि पुन्हा रांगेच्या शेपटाला उभ्या राहिल्या. मामांनी ती रक्कम नातवाच्या खाती न धरता 'किरकोळ'मध्ये टाकली, हे मी नंतर त्यांच्या वहीत पाहिलं.

पण मामांचा खरा घात झाला तो रांगेत. दोन वाजेपर्यंत आमचे तीनच पाळणे झाले होते. पंधराशे भागिले तीन, पाचशे. पाचशे रुपयाला एक फेरी, आणि फेरी दीड मिनिटाची. आमच्या शेजारून मात्र दुसरी एक रांग सरसर पुढं जात होती. त्या लोकांनी जास्तीचे पैसे भरून रांग चुकवायचा पास घेतला होता. मामा बराच वेळ त्या रांगेकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अरे, हे छेद विकायलेत."

मी मान हलवली.

"समजलं का तुला? आपण उभं राहायचं आणि पार्कवाल्यांनी आपल्या उभं राहण्याचे पैसे त्या पासवाल्यांकडून घ्यायचे. आपली रांग जितकी लांब, तितका त्यांचा पास महाग. म्हणजे मी इथं फुकट कामाला लागलोय!"

मामांची धाकटी अमेरिकेत असते. तिनं त्यांना मागं सांगितलं होतं की १९५५ ला डिस्नेलँड उघडलं तेव्हा आत जायचं वेगळं तिकीट आणि पाळण्यांची तिकिटं वेगळी. पुढं त्यांची कूपनं झाली, हळूहळू ए ते ई अशी प्रतवारी, 'ई'चे पाळणे सगळ्यात झकास. कूपनं १९८२ ला संपली. मग १९९९ मध्ये रांग टाळायचा फास्टपास आला, तोही फुकट. आता त्याच सोयीला पैसे पडतात आणि गर्दीच्या दिवसांत नुसतं आत शिरायलाच माणशी दोनशे डॉलरच्या वर. मामांनी तेव्हा ते सगळं परदेशातलं म्हणून सोडून दिलं होतं. आता रांगेत उभ्या उभ्या त्यांना उलगडलं. पार्कच्या कुठल्या तरी वातानुकूलित खोलीत त्यांच्यासारखाच कॉस्टिंगचा माणूस बसलेला आहे, आणि तो त्यांच्यापेक्षा हुशार आहे. मामा फेऱ्यांनी भागत होते, तो माणसाच्या कंटाळ्यानं भागत होता.

याला मामांनी दिलेलं उत्तर मी जन्मात विसरणार नाही. ते रांगेतून बाहेर पडले आणि लहान मुलांच्या विभागाकडे चालायला लागले. तिथं गोल फिरणारे घोडे होते. रांग नव्हती. घोड्यांना मोठी माणसं चालतात का, एवढं विचारून ते एका गुलाबी, सोनेरी आयाळीच्या घोड्यावर बसले.

चार वाजता मी पाहायला गेलो. बँडचं संगीत चाललं होतं, घोडे वरखाली होत होते, त्यांच्यावर तीन-चार वर्षांची पोरं आणि त्यांच्यामध्ये पांढरा सदरा, खिशाला पेन, सदुसष्ट वर्षांचे मामा. चेहऱ्यावर हसू नाही, मजा नाही. बँकेत पासबुक भरायला उभा राहिलेला माणूस जसा दिसतो, तसे. फेरी संपली की उतरायचे, मागच्या दारानं बाहेर, पुढच्या दारानं आत, तळहातावर पेनानं एक उभी रेघ, पुन्हा तोच घोडा. एका पोरानं तो घोडा आधी पटकावला तर मामा त्याच्या आईला म्हणाले, "ताई, माझा सातवा राउंड चाललाय हो."

"मामा, चला, शो बघू," मी म्हणालो. मामी केव्हाच थंडगार हॉलमध्ये नातीला मांडीवर घेऊन परदेशी कपड्यातल्या नाचणाऱ्या अस्वलांचा खेळ दुसऱ्यांदा बघत होत्या.

"शो धरत नाही मी छेदात," मामा म्हणाले. "बसून बघायचं ते घरी टीव्हीवर पण होतंय."

बारा फेऱ्या झाल्या. आधीच्या तीन मिळून पंधरा. पंधराशे भागिले पंधरा, बरोब्बर शंभर. बंद व्हायची वेळ झाली, पोरानं साखळी ओढली. मामा साखळीच्या अलीकडे उभे. "एकच," ते म्हणाले. "शंभराच्या खाली आणायचंय." त्या पोराला काय कळलं कुणास ठाऊक, त्यानं इकडंतिकडं पाहिलं, साखळी सोडली आणि संपूर्ण रिकामं चक्र एकट्या मामांसाठी फिरवलं. संगीत त्यानं बंद केलं होतं. नुसता लोखंडाचा करकर आवाज, आणि संधिप्रकाशात गोल गोल जाणारे मामा. त्र्याण्णव रुपये पंचाहत्तर पैसे.

परतताना नगरपर्यंत त्यांना गाडी उभी असली तरी फिरतेय असं वाटत होतं.

पुढं नवरात्र आलं. कर्णपुऱ्याला देवीचं दर्शन घेऊन आम्ही पाळण्यांपाशी आलो. जत्रेतला दर मामांना आवडतो, पण विश्वास त्यांचा तिथंही नाही. "हा दर वाढवत नाही," मोठ्या आकाशपाळण्याकडे बोट दाखवून ते म्हणाले. "गर्दी वाढली की फेऱ्या कमी करतो. हे पार्कवाल्यांनी आत्ता कंप्युटरवर काढलं. हा माझ्या लहानपणापासून करायलाय." म्हणून ते आधी दहा मिनिटं खाली उभं राहून दुसऱ्यांच्या फेऱ्या मोजत बसले. सात भरल्या. मग तिकिटं काढली.

मामा-मामी एका पाळण्यात, मी आणि नातू मागच्या. तिसऱ्या फेरीला त्यांचा पाळणा नेमका माथ्यावर गेला आणि जनरेटर बंद पडला. चक्र थांबलं, दिवे गेले. सगळ्या पाळण्यांतून किंकाळ्या. खाली कुणीतरी डिझेल डिझेल ओरडत होतं. वर वारा सुटला होता, छावणीपासून क्रांती चौकापर्यंतचे दिवे लुकलुकत होते आणि आमचा पाळणा कुरकुरत मागंपुढं होत होता. नातवानं माझा दंड घट्ट धरला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. खालून पाळणेवाल्यानं हाक मारली, "घाबरू नका! दोन मिनिटात चालू करतो!"

वरून अंधारातून मामांचा आवाज आला, आणि त्यात मी चाळीस वर्षांत कधी न ऐकलेला आनंद होता.

"चालू दे तुझं! घाई करू नको! आम्हाला काही घाई नाही!"