चतुर्थीचा साप

सर्पजातीविषयी माझे मत आयुष्यभर असे राहिले आहे की, त्यांनी त्यांच्या जागी सुखाने नांदावे, आम्ही आमच्या जागी नांदावे, आणि उभयपक्षी काही व्यवहार उपस्थित झालाच तर तो मुखत्यारामार्फत चालावा. हे मत ज्यांना ठाऊक नव्हते अशा एका मासिकाच्या संपादकांनी यंदा श्रावण लागताच मला बत्तीस शिराळ्यास जाऊन नागपंचमीचे प्रवासवर्णन लिहून पाठवण्याचे फर्मान काढले. सांगली जिल्ह्यातले हे शिराळे जिवंत नागांच्या पूजेसाठी साऱ्या देशात गाजलेले आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व पुढे उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे नाग पकडण्यास तेथे मनाई झाली, हे मी ऐकून होतो. परंतु ही मनाई माणसांवर आहे, नागांनी स्वेच्छेने मुख्य रस्त्यावर यावयाचे ठरवल्यास त्यांना प्रतिबंध करणारे एकही कलम त्या कायद्यात नाही, हे सरकारी दप्तरात हयात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते.

अशा विवंचनेत असताना मासिकाच्या कचेरीतून प्रवासखर्चाचे मंजुरीपत्र आले. कोणा पुण्यशील कारकुनाने त्यात शिराळ्याच्या जागी ‘सिरसाळा, तालुका परळी, जिल्हा बीड’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले होते, खाली शिक्का मारला होता आणि सोबत तिकीटही थेट परळीचेच जोडले होते. शिक्का मारलेल्या कागदाचा अवमान माझ्या हातून आजवर घडलेला नाही. मी तो कागद कपाळाला लावला आणि सामान बांधावयास घेतले. माझ्या गोपनीय अहवालात एका वरिष्ठाने ‘गृहस्थ निरुपद्रवी’ असा शेरा लिहून ठेवला होता व त्यापायी माझी बढती तहकूब झाली होती. परंतु निरुपद्रवी माणसावर नियती कधीकधी अशी परस्पर मेहेरबान होते.

तरीही विषयाची पूर्वतयारी असावी म्हणून मी ग्रंथालयात जाऊन सर्पांवरील एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात नागाचे चित्र पूर्ण पानभर व रंगीत असल्यामुळे ते पान उलटून, आणि पुढची मण्यार, घोणस व फुरसे यांची पानेही न थांबता ओलांडून, मी जेथे श्वास घेतला ते प्रकरण दक्षिण अमेरिकेतील ‘अ‍ॅट्रॅक्टस’ नामक भूसर्पांचे निघाले. वाग्लर या जर्मन पंडिताने १८२८ मध्ये ही प्रजाती प्रथम नोंदवली. पनामापासून अर्जेंटिनापर्यंतच्या अरण्यांत पालापाचोळ्याखाली राहणे, गांडुळे खाणे आणि कोणाच्या अध्यात-मध्यात न पडणे एवढाच यांचा जीवनक्रम. आणि तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, यांच्या जाती आज दीडशेच्या घरात गेल्या आहेत, इतका विस्तार सर्पांच्या दुसऱ्या कोणत्याही प्रजातीचा नाही. त्यांचाच एक भाऊबंद मध्य अमेरिकेत कॉफीच्या मळ्यांत राहतो; तो डिवचला असता मान चपटी करून आपण महाभयंकर असल्याचा देखावा करतो, आणि तेवढ्यावर भागले नाही तर त्याच्यापाशी दुसरा उपाय नसतो. आमच्या कचेरीत शिरस्तेदार बदलून आले की पहिला आठवडा असाच जात असे. सारांश, सिरसाळ्यास निघताना मी आमच्या विषारी चौकडीविषयी पूर्ण अज्ञानी आणि अ‍ॅमेझॉनच्या निरुपद्रवी सर्पांविषयी पूर्ण पारंगत होतो.

परळीस वैजनाथाचे दर्शन घेतले. औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या पाहिल्या. त्या पाहाव्या लागत नाहीत, त्याच आपल्याला पाहतात. नंतर सिरसाळ्याकडे जाणारी काळी-पिवळी जीप गाठली. परवान्यावर लिहिलेली आसनसंख्या ही तिकडे किमान मर्यादा समजतात, आणि त्या दिवशी तर नागचतुर्थी असल्यामुळे पंचमीला माहेरी निघालेल्या लेकीबाळी, त्यांची पोरे व पिशव्या यांनी जीप केव्हाच तृप्त झाली होती. तरी “बसा की काका, आजून दोघं बसत्यात” असे म्हणत चालकाने मला मधल्या बाकाच्या टोकास कोंबले. माझ्या पायांशी रोपवाटिकेच्या काळ्या पिशव्यांतले मोगरा, कढीपत्ता आणि जास्वंद होते, त्यांच्या मालकीणबाई, सत्तरीच्या आसपासच्या एक मावशी, मजकडे न पाहता म्हणाल्या, “भाऊ, पाय आवरून घ्या. लेकीसाठी मोगरा नेते.” चालकाने मोगऱ्याचे अर्धे भाडे मागितले, मावशींनी त्यास, झाड श्वास घेते पण जागा घेत नाही, या मुद्द्यावर बराच वेळ झुंजवले आणि अखेर धुसफुसत पैसे मोजले.

पांगरी मागे पडली. रात्री पाऊस होऊन गेला होता, काळी रानं निथळत होती, कापूस गुडघाभर आला होता, आणि मी या दृश्यावर एक अलंकारिक वाक्य मनात जुळवत होतो, तोच माझ्या डाव्या पायाच्या चपलेवरून काहीतरी ओलसर व सावकाश असे सरकत गेले. खाली पाहिले. मोगऱ्याची पिशवी तळाशी फाटली होती आणि तिच्यातून वीतभरही लांब नसलेला, काळसर, चकचकीत, आगापिछा न कळणारा एक जीव बाहेर पडून बाकाखालच्या अंधारात निघाला होता. मी काही बोललो नाही. माझ्या शेजारच्या गुरुजींनी माझ्या दृष्टीचा मागोवा घेतला आणि वर्गात कमावलेल्या कंठाने एकच शब्द उच्चारला.

यानंतर जीप कशी थांबली, आणि दोन दरवाजे व एक मागचा फाळका एवढ्या अवकाशातून ती सारी प्रजा एकाच क्षणी बाहेर कशी आली, याचा उलगडा पदार्थविज्ञानाने करावा. मी भानावर आलो तेव्हा आम्ही सगळे रस्त्याच्या कडेला उभे होतो, जीपचे इंजिन चालू होते आणि चालक आम्हां सर्वांहून दूर, एका बाभळीपाशी उभा होता. “मन्यार! मन्यारीचं पिल्लू हाय!” असे एका तरुणाने जाहीर केले. दुसऱ्याने, पिल्लाला मोठ्याहून जास्त विष असते, अशी पुरवणी जोडली. तिसऱ्याने मात्र खरा घात केला. तो म्हणाला, “मन्यार न्हाई. ही कानात शिरनारी जात हाय. कान झाका!” क्षणार्धात साऱ्यांनी कानांवर हात, पदर, रुमाल जे हाती लागेल ते दाबून धरले, आणि पुढची सगळी सभा कोणाचेही काही ऐकू न येता केवळ आरोळ्यांच्या बळावर चालली. गुरुजींचे म्हणणे पंचनामा झाल्याशिवाय कोणी गाडीत बसू नये असे असावे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा मुलूख निजामाचा होता, आणि कागद झाल्याखेरीज काही हलू न देण्याची त्या दरबाराची शिस्त येथील मास्तरवर्गात अद्याप टिकून आहे. उद्या ज्याची पूजा करावयाची त्याला आज इतके का भ्यावे, असे कोणीसे विचारताच गुरुजी गरजले, “पंचमी उद्या आहे! आज चतुर्थी आहे!”

या प्रसंगी ज्ञानवंताने गप्प बसणे हे पाप आहे असे वाटून मी एका मैलाच्या दगडावर चढलो. हा वाळा आहे, मी म्हणालो. भारतातल्या अतिशय लहान सर्पांपैकी एक. याला विष नाही. तोंड इतके इवले की माणसाला चावणे त्याच्या आवाक्याबाहेरचे. डोळे खवल्यांखाली झाकलेले, म्हणून उजेड-अंधारापलीकडे त्याला फारसे दिसत नाही. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-पिल्ले हे त्याचे अन्न. शेपटीला बारीकसा काटा असतो, तो टोचतो, एवढाच त्याचा प्रतिकार. आजवर तपासलेले सगळे वाळे माद्याच निघाले आहेत. नरावाचून त्या अंडी घालतात व त्यांतून पुन्हा माद्याच निपजतात, त्यामुळे कुंडीच्या मातीतून एकटी वाळीण परदेशी पोहोचली तरी वंशविस्ताराला तेवढी पुरते. या रीतीने तिने हवाई, फ्लोरिडा व मेक्सिको गाठले आहे, अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडात तिची वस्ती आहे, आणि इतक्या भूभागावर पसरलेला दुसरा जमिनीवरचा सर्प जगात नाही. फाटक्या पिशवीतून, बिनतिकीट, कोणाचाही शेरा न घेता! माझ्या आवाजात येथे थोडा व्यक्तिगत आवेश आला असेल.

श्रोते इतके एकाग्र मला पूर्वी कधी लाभले नव्हते. सर्वांचे हात कानांवर होते. तेव्हा कोणी ऐकत नाही या निर्धास्तपणात मी फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ दोदँ याचीही हकीकत सांगितली. पॅट्रिक रसेल नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टराने विशाखापट्टणच्या बाजूचा हा सर्प १७९६ च्या आपल्या ग्रंथात चितारला आणि त्याच्या आधारे दोदँने १८०३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. दोदँचे पाय लहानपणीच्या आजाराने निकामी झाले होते. त्याच्या ग्रंथांतली चित्रे त्याची बायको आदेल काढी. दोघांनाही क्षयाने गाठले; आधी ती गेली, मागोमाग, त्याच १८०३ साली, सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. ज्याला पॅरिसात उठून चालता येत नव्हते त्याने नाव ठेवलेला बिनपायांचा प्राणी पृथ्वीप्रदक्षिणा करून बसला आहे. मी बोलायचा थांबलो. बाभळीपाशी चालक बिडी पेटवत होता.

व्याख्यानाचा शेवट झाला असे माझ्या ओठांवरून ओळखून एका तरुणाने कानावरचा एक हात काढला व म्हणाला, “काका, तुमाला एवढं म्हाईत हाय तर काढा की मग भाईर.”

मी मैलाच्या दगडावरून उतरलो नाही. अ‍ॅमेझॉनच्या बाबतीत मी याहून अधिक उपयोगी पडलो असतो.

तेवढ्यात मावशी, ज्यांनी कानांवर हात ठेवलेच नव्हते, पदर खोचून जीपमध्ये चढल्या, बाकाखाली वाकल्या, चार पिशव्या सरकवल्या आणि मूठ बंद करून खाली आल्या. मूठ उघडली तेव्हा तळहातावर तो जीव बोटांच्या फटींत डोके खुपसावयाची वाट शोधत होता. “गांडुळावानी तर हाय,” त्या म्हणाल्या, आणि मोगऱ्याच्या मातीत बोटाने भोक पाडून त्यांनी त्याला आत सोडले. गुरुजींनी दुरून विचारले, “मावशी, मण्यार निघाली असती म्हणजे?”

“मन्यार आसती तर म्या हात घातला आसता व्हय? मन्यार बगितलीया म्या.” माती दाबत त्या बोलत होत्या. “कारखान्याला ऊस तोडाया गेल्तो. शेजारच्या कोपीत लेकरू भुईवर निजलं व्हतं. पहाटं उठलं, म्हनलं पोटात दुखतंय. चावल्याची खून कुटंच दिसंना. उजाडायच्या आत मुकादमाला गाडी मागितली. गाडी आली दुपारी.”

एकेक करून सर्वांचे हात कानांवरून खाली आले.

दसरा-दिवाळीला बीड जिल्ह्यातली लाखो माणसे घरांना कुलपे लावून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथे कोयता म्हणतात, आणि कोयत्याचा संसार उसाच्या पाचटाच्या कोपीत, भुईवर असतो. मण्यार रात्री हिंडते, भुईवर निजलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा २००० ते २०१९ या काळाचा हिशेब संशोधकांनी मांडला आहे. खाटेवर निजावे, मच्छरदाणी चहूबाजूंनी खोचावी, असा उपदेश पुस्तिकांतून छापतात. तो खराही आहे. फक्त कोपीत खाट कोठल्या बाजूने शिरते, हे त्या पुस्तिकांत छापलेले मी पाहिले नाही. सापांना भिण्यात काय अर्थ आहे, असे आरामखुर्चीतून विचारणाऱ्या सर्व निसर्गप्रेमी लेखकांना एका हंगामापुरते कोयत्यावर पाठवावे, अशी माझी सरकारदरबारी तजवीज आहे. वयोमर्यादेमुळे मला त्यातून सूट असावी.

उरलेला रस्ता कोणी बोलले नाही. सिरसाळा आले. बाजार, पंचमीच्या बांगड्या, लाह्या, विटांनी भरलेले ट्रॅक्टर आणि चिखल, सगळे होते. पाहण्यासारखे काय आहे असे विचारले तेव्हा लोकांनी मला परळीस जाण्याचा सल्ला दिला. मात्र आमच्या आधी आमची वार्ता भ्रमणध्वनीवरून पोहोचलेली होती. चहाच्या टपरीवर एक इसम, पांगरीच्या पुढे जीपमध्ये नाग कसा निघाला, तो फणा काढून स्टेअरिंगवर कसा बसला, आणि कोणी एक म्हातारा मैलाच्या दगडावर उभा राहून मंत्र कसे म्हणत होता, हे तपशीलवार सांगत होता. त्या म्हाताऱ्याविषयी जमलेल्यांना आदर वाटत असल्याने मी चहा संपेपर्यंत चष्मा काढून ठेवला.

मावशींना अजून पुढे, लेकीच्या वस्तीवर जायचे होते. तिकडची जीप आमच्या जीपहूनही अधिक भरलेली, पाय ठेवायला जागा नाही, आणि चालक पिशव्यांकडे बघून भाड्याचा आकडा जुळवू लागलेला. मावशींनी मोगरा दोन्ही हातांनी उंच धरला आणि शांतपणे म्हणाल्या, “सरका गं बायांनो. ह्यात साप हाय.”

“केवढा?” आतून आवाज आला.

मावशींनी एकवार मजकडे पाहिले. मी चहाच्या पेल्यात पाहिले.

“पाच हात,” त्या म्हणाल्या.

मधला अख्खा बाक रिकामा झाला. मावशी खिडकीशी ऐसपैस बसल्या, मोगरा, कढीपत्ता आणि जास्वंद यांना त्यांनी शेजारी ओळीने बसवले, आणि जीप निघेपर्यंत झाडांच्या भाड्याचा विषय कोणी काढला नाही.