न छेडलेला गंधार

मैफलीत तंबोऱ्यावर बसणाऱ्याचं नाव सहसा कोणी विचारत नाही. तो गवयाच्या मागे बसतो, गाण्याच्या आधी सुरू करतो, गाणं संपल्यावर थांबतो, आणि मधल्या सगळ्या वेळात त्याची बोटं चारच तारांवरून फिरत असतात. पंचम, जोड, जोड, खर्ज. पुन्हा पंचम. त्याच्या वाट्याला सम येत नाही, तिहाई येत नाही, टाळ्या तर नाहीतच. तरी तंबोरे लागले की जाणकार डोळे मिटतात आणि गुरुजी शेजारच्या शिष्याला हळूच विचारतात, "गंधार ऐकू येतोय?" शिष्य लगेच हो म्हणतो. शिष्य नेहमीच हो म्हणतो. गंमत अशी, की त्या चार तारांत गंधाराची तार मुळी नसतेच.

खर्जाची तार कधी एकटी बोलत नाही. ती अख्ख्या लांबीनं हलते, तशीच स्वतःचे दोन, तीन, चार, पाच भाग करूनही हलते, आणि हे सगळं एकाच वेळी. दुपटीला वरचा षड्ज, तिपटीला पंचम, चौपटीला आणखी वरचा षड्ज आणि पाचपटीला गंधार. अशा आपोआप उमटणाऱ्या गंधाराला आपल्याकडे स्वयंभू म्हणतात. देवळाबाहेर हे विशेषण मिळवलेलं दुसरं कोणी मला चटकन आठवत नाही. पेटीचा गंधार याच्यापेक्षा जरासा चढा, अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाइतका. पण एवढ्याशा हिश्शावरून आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या अबोले धरले आहेत. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, तिच्यामागच्या कारणांत हाही एक तंटा होता.

बरं, तारेत हे सगळं असतं म्हणावं, तर एक नियम आड येतो. तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वरांशांचा, म्हणजे तारेच्या भागांतून उमटणाऱ्या या स्वरांचा, स्थिर बिंदू पडतो, ते स्वरांश उमटू नयेत, असं इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग सांगून गेला. तंबोरा छेडतात तारेच्या मध्याच्या आसपास. म्हणजे निम्म्या मंडळींनी गप्प बसायला हवं. १९२१ साली कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांनी तंबोरा आणि वीणा तपासायला घेतल्या, तर गप्प बसवलेले सगळे हजर! कारण तारा जिच्यावरून जातात त्या घोडीत होतं. तिच्या रुंद, किंचित उतरत्या पाठीवर तार क्षणोक्षणी टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्या सलगीत वरचे स्वरांश जागे होत राहतात. तंबोऱ्याच्या तारेखाली त्यात भर म्हणून सुताचा एक धागा. तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवता सरकवता एका जागी तार अचानक उजळते. जवारी लागते. सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्यांना आपण उगाच हसतो.

घोडीची पाठ घासून जवारी काढावी ती मिरजेच्या कारागिरांनी. त्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यांनी पंढरपूरकडचे भोपळे आणून सतार-तंबोरे करायला घेतले. पोलादाची धार जोखणारा अंगठा घोडीच्या पाठीवर आला. शस्त्रसंन्यास इतिहासात पुष्कळ झाले असतील. इतका सुरात झालेला माझ्या माहितीत हा एकच.

पण मला त्याहून नवल वाटतं ते उलट्या चमत्काराचं. गंधार कोणी छेडत नाही आणि तो असतो. काही स्वर मात्र मुळात नसतात आणि तरी ऐकू येतात. जुना टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे नेई. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर सव्वाशेच्या आसपास, म्हणजे तो दाराबाहेरच राहिला. आमचे वडील गावाहून फोन करत तेव्हा इतक्या मोठ्यानं बोलत, की मध्ये टेलिफोन खातं कशाला हवं, असं घरात सगळे म्हणायचे. एवढं ओरडूनही त्यांच्या आवाजाचा तळ पुण्यापर्यंत येत नव्हता. आणि तरी यायचा तो त्यांचाच आवाज, भरदार, खर्जातला, थोडा रागावल्यासारखा. वरचे स्वरांश ऐकून मेंदू त्यांच्यातलं नातं ओळखतो आणि वाटेत गळालेला षड्ज पदरचा घालतो. कोणी मागितलेला नसतो, त्याची पावतीही नाही.

१८४०च्या सुमाराला जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट सीबेकनं सायरनवरच्या प्रयोगांत हे टिपलं, तेव्हा गेऑर्ग ओमनं (विजेच्या रोधाच्या एककाला ज्याचं नाव दिलंय तोच) हा निव्वळ कानाचा भ्रम ठरवला. असेलही. पण "जेवलास का?" हा प्रश्न वडिलांनी मला वर्षानुवर्षं त्या भ्रमातूनच विचारला, आणि मी त्या शिष्यासारखा लगेच हो म्हणत आलो. पुढे १९७८ साली डेव्हिड केम्प यांनी कान स्वतःच बारीकसा ध्वनी बाहेर टाकतो, हे कानात मायक्रोफोन ठेवून दाखवलं. म्हणजे ऐकणारा नुसता घेत बसत नाही. तो थोडं गातोही, फक्त त्याला कोणी बिदागी देत नाही.

तंबोऱ्यांच्या त्या मिरजेलाच गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, आणि त्यांच्या शिष्याच्या, सवाई गंधर्वांच्या नावानं पुण्यात महोत्सव भरतो. तिथे एक कलाकार उठून दुसरा येईपर्यंत तंबोरे पुन्हा जुळवले जातात, आणि नेमका तेव्हाच निम्मा मांडव वडापावाच्या दिशेनं निघतो. यंदा तेवढा वेळ बसून राहा. जमलं तर तंबोऱ्यांच्या जवळची जागा धरा. वडे काय, दुसऱ्या घाण्याचेही गरमच मिळतात.