दहा बोटांची अक्कल

कोकणातल्या आचरा गावात देवाला प्रश्न विचारायचा तर त्याची एक रीत आहे. गाऱ्हाणे कोणी घालायचे, कौल कोणी लावायचा, शेजारी कोणी उभे राहायचे, सगळे पिढ्यानपिढ्या ठरलेले. गावपळणीचे वर्ष आले की ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाल्यावरच अख्खा गाव गुरे-कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर पडतो, तीन दिवस तीन रात्री झोपड्यांत काढतो आणि परतायच्या आधी पुन्हा कौल लावतो. देव ‘नाही’ म्हणाला तर मुक्काम वाढतो. उद्या कोणी टाय लावलेला गृहस्थ गळ्यातले लॅमिनेट केलेले कार्ड दाखवून म्हणाला, ‘सरका, आज कौल मी लावतो, माझा दोन दिवसांचा कोर्स झालाय,’ तर मानकरी त्याला कोणत्या शब्दांत वाटेला लावतील ते वर्तमानपत्रात छापता येणार नाही.

तोच गृहस्थ मे महिन्यात तिठ्याजवळच्या एका हॉलात आला, आणि गावाने त्याला पंख्याखालची खुर्ची दिली.

‘आपल्या पाल्याची जन्मजात बुद्धिमत्ता ओळखा!’ असा बॅनर होता. पालक पाल्यांना धरून रांगेत. पोराची दहा बोटे एका काचेवर दाबायची, साडेतीन हजार रुपये मोजायचे. आठवड्याने पस्तीस पानी रंगीत अहवाल घरी. मेंदूची डावी बाजू किती टक्के, उजवी किती, पोर कलेक्टर होणार की कीर्तनकार, तबला शिकवावा की बासरी, सगळे त्यात. याला डीएमआयटी म्हणतात. आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बोटांवर रेषा उमटतात, तेव्हाच मेंदूही घडत असतो, म्हणून बोट वाचले की मेंदू वाचला, असा हा सिद्धान्त. हॉवर्ड गार्डनर यांनी 1983 साली बुद्धिमत्ता अनेक प्रकारच्या असतात असे मांडले, त्यांचेही नाव बॅनरवर होते. गार्डनरांच्या मांडणीत बोटांचे ठसे कुठेच नाहीत. पण बॅनरवर जागा होती. इंडियन सायकियाट्रिक सोसायटी, म्हणजे देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांची संघटना, या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असे जाहीरपणे सांगून मोकळी झाली आहे. त्या निवेदनाचा बॅनर कोणी लावत नाही.

नमुना म्हणून एक अहवाल मोठ्याने वाचून दाखवला गेला. ‘हा मुलगा मनमिळाऊ आहे, पण कधी कधी त्याला एकटे राहावेसे वाटते.’ गाऱ्हाण्याला द्यावी तशी साद: व्हय म्हाराजा! ‘त्याच्यात क्षमता आहे, पण तिचा पुरता वापर होत नाही.’ व्हय म्हाराजा! मागच्या बाकावरच्या अण्णांनी हात जोडले नाहीत एवढेच. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुझे’ म्हणून स्वभाववर्णन दिले. पोरांनी अचूकतेला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. सगळ्यांना एकच मजकूर वाटला होता, तोही ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. रामेश्वर निदान ‘नाही’ म्हणू शकतो. हे यंत्र जन्मात कोणाला नाही म्हणालेले नाही.

एकदाच अडले. नातवाबरोबर आलेल्या एका आजीला गृहस्थ प्रेमाने म्हणाले, ‘या, तुमचंही बघू, फुकट.’ आजींनी आयुष्यभर काजूबिया फोडलेल्या. बियांच्या दाहक डिकाने बोटांची साले जाऊन जाऊन ती गुळगुळीत झालेली. यंत्राने तीनदा ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हटले. आजी म्हणाल्या, “ऱ्हवांदे रे झिला. रेशनच्या मशीनानपण ह्योच निकाल दिल्यान.”

हसून झाले. आता त्याच रांगेतल्या सातवीतल्या एका पोराकडे बघू. होडीचे इंजिन खोलून पुन्हा जोडतो, पाण्याचा रंग बघून मासळी कुठे लागेल ते सांगतो, पण वाचायला दिले की ‘भ’चा ‘म’ होतो आणि ओळ हातातून सुटते. मास्तर म्हणतात आळशी. अहवाल म्हणाला, हा ‘कृतिशील’ वर्गातला, याला पुस्तकी अभ्यासाचा ताण नको. बापाने सुटकेचा श्वास सोडला. “वाचूचा नाय तर नाय.” साडेतीन हजारांत पोर शाळेतून जवळजवळ मोकळे झाले.

या पोराला चाचणीची खरोखरच गरज होती, फक्त ती बोटांची नव्हे. लिहिण्या-वाचण्यात असे अडखळणाऱ्या मुलांना महाराष्ट्रात 1996 पासून दहावीच्या परीक्षेत सवलती आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण नावानिशी नोंदलेली आहे. पण त्यासाठी तपासणी रीतसर व्हावी लागते. ती कशी असते? आधी डोळे आणि कान तपासतात, कारण ज्याला नीट ऐकू येत नाही तो सगळ्याच प्रश्नांत नापास होतो. आईला बसवून जन्मापासूनची हकीगत विचारतात. मग बंद खोलीत एक मूल, एक तज्ज्ञ, तास-दीड तास, कधी दोन-तीन बैठका. उत्तर चुकले यापेक्षा कसे चुकले, हे टिपायचे असते. शेवटी बुद्ध्यंकाचा आकडा आला तरी तो सैल धरायचा असतो: 97 आणि 101 यांत भांडण लावण्याइतका फरक नसतो.

शिवाय प्रश्न मुलाच्या भाषेतले हवेत. हे काम आपल्याकडे आधीच झालेले आहे, बॅनर न लावता. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात धारवाडला बसून बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी घडवली, हजारावर पोरे तपासून. नागपूरला डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन तयार केले. ही दोन्ही नावे दवाखान्यांत आजही रोज उच्चारली जातात. त्यांच्या नावाने हॉल मात्र भरत नाही.

आणि ही चाचणी घ्यायची कोणी? औषध देणारा मानसोपचारतज्ज्ञ वेगळा. तो आधी डॉक्टर. चाचणी घेऊन निदान करणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वेगळा: मानसशास्त्रात एम.ए. आणि वर दोन वर्षे रुग्णालयात वरिष्ठांच्या नजरेखाली पूर्णवेळ शिक्षण, हा आजवरचा रूढ मार्ग. त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव आणि क्रमांक. शाळेतला समुपदेशक पोराशी बोलेल, धीर देईल, आवडीनिवडी विचारेल. निदानाचा दाखला देणे त्याचे काम नव्हे, आणि शहाणा समुपदेशक ते स्वतःच सांगतो. आता असा नोंदणीतला माणूस आचऱ्यात कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठा, नाहीतर गोव्यात बांबोळीचे इस्पितळ. एसटीत अर्धा दिवस जातो, आणि ‘पोराक वेड्यांच्या डॉक्टराकडे व्हेलो’ ही गजाल आपल्याआधी गावात पोचते. हॉल घराशेजारी होता, पंखा होता, चहासुद्धा होता.

कायदाही आहे. पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यात नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणजे एका पोराच्या फीमध्ये तीन वेळचा दंड भरून वर पाचशे उरतात. त्या दिवशी रांगेत चाळीसेक पोरे होती. हिशेब करायला उजवा मेंदू चालेल की डावा, ते अहवालात पाहावे.

शेवटी अण्णाच उठले. देवळातली सवय, विचारणारा कोण, हे कळल्याशिवाय त्यांच्याने पुढे जाववेना. म्हणाले, “सायबानू, सगळा बरा आसा. तुमचो नोंदणी नंबर तेवढो सांगा, बघू.”

गृहस्थांनी अजिबात वेळ न घालवता पावतीपुस्तक उघडून दाखवला. जीएसटीचा होता.