टक्केवीर

लग्नाच्या पंगतीत "दहावीला किती पडले?" असं विचारणारे काका आता थकले आहेत, त्यांची गादी टक्केवीराने चालवायला घेतली आहे. वय विशीतलं, कपाळावर आणि हनुवटीवर मुरमांची नांदती वस्ती. बाथरूमच्या आरशाखालच्या फळीवर आईची खोबरेलाची बाटली कोपऱ्यात ढकलून त्याने ड्रॉपरवाल्या बाटल्या मांडलेल्या असतात: लॅक्टिक ५ टक्के, मँडेलिक १०, ग्लायकोलिक १०, आणि सगळ्यांच्या मागे, दहा मिनिटांत धुऊन टाका अशी तंबी छापलेला ३० टक्क्यांचा लालभडक पील. मामेभावाने "मी पाचचं लावतो" म्हटलं, की टक्केवीर त्याच्याकडे एटीकेटी लागलेल्या पोराकडे पाहावं तसं पाहतो.

त्याला वेडा ठरवायची घाई मात्र नको, कारण त्याचं रसायनशास्त्र बरोबर आहे. मुरमाची सुरुवात बहुतेकदा तेल आणि मृत पेशी यांचा बोळा रोमछिद्रात अडकून होते, आणि त्याच्या बाटल्यांतली अल्फा हायड्रॉक्सी आम्लं वरच्या थरातल्या मृत पेशींची एकमेकींना घट्ट धरून बसण्याची सवय मोडतात. अमेरिकेत यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी १९७४ मध्ये ही आम्लं इक्थिओसिसवर, म्हणजे कातडीला खवले धरणाऱ्या विकारावर, उपयोगी पडतात हे दाखवलं. सौंदर्याच्या बाजारात ती नंतर आली. आईचा आक्षेप असतो, "चेहऱ्याला कसली ॲसिडं फासतोस? दही-बेसन लाव." पण दह्याचा आंबटपणा लॅक्टिक आम्लाचाच. मायलेकरांचं भांडण तत्त्वाचं नाहीच. दह्यावर टक्के छापलेले नसतात, एवढीच त्याची अडचण.

आणि घोळ नेमका त्या छापलेल्या आकड्यात आहे. आम्लाचा जो भाग मोकळा असतो, तोच मुख्यतः कातडीत शिरून काम करतो, आणि मोकळा किती हे पीएच ठरवतो. ग्लायकोलिकच्या बाबतीत पीएच ३.८ च्या आसपास निम्मं आम्ल मोकळं असतं. हिशेब मांडला तर पीएच ५ असलेल्या १० टक्क्यांच्या बाटलीत मोकळं आम्ल जेमतेम ०.६ टक्के भरतं, आणि पीएच ३.५ च्या ५ टक्क्यांत तब्बल ३.४. म्हणजे ज्या मामेभावाची कीव केली, तोच पाचपटीने पुढे असू शकतो! पीएच मात्र बऱ्याच बाटल्यांवर छापलेलाच नसतो, आणि छापलेला असला तरी टक्केवीर तो वाचत नाही. पीएच कमी असणं म्हणजे जोर जास्त, हे उलटं गणित गुणपत्रिकेवर वाढलेल्या माणसाला पटायचं कसं?

"पण चुरचुरतं म्हणजे लागू पडतंय ना?" हा त्याचा हुकमी सवाल. गुडघा फुटल्यावर टिंक्चर आयोडीन लावून घेतलेल्या पिढीकडून हा वारसा त्याच्याकडे आला आहे. चुरचुरण्यावरून मुरूम जातोय की कातडीचं कुंपण मोडतंय हे कळत नाही, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ वर्णात कातडी चिडली की मागे काळा डाग ठेवते. मुरूम आठवड्यात जातो, डाग महिनोन्‌महिने भाडं न देता राहतो. शिवाय मुरमांवर डॉक्टर आधी रेटिनॉइड आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडचा विचार करतात; ही आम्लं जोडीला. "क्लिनिकमध्ये तर याहून कडक पील देतात," हेही तो ऐकवतो. देतात, पण तिथे घड्याळाकडे आणि चेहऱ्याकडे पाहणारं दुसरं कुणीतरी असतं. टक्केवीराच्या बाथरूममध्ये तोच डॉक्टर, तोच रोगी, आणि दहा मिनिटं मोजायची ती मोबाईलवर रील बघत.

वरची कातडी पालटायला साधारण चार आठवडे लागतात. टक्केवीर सोमवारी लावतो, गुरुवारी निकाल मागतो आणि शुक्रवारी वरच्या टक्क्याची ऑर्डर देतो. अमेरिकेच्या एफडीएने नोंदवलं आहे की १० टक्के ग्लायकोलिक चार आठवडे लावल्यावर उन्हाने पोळण्याबाबतची कातडीची संवेदनशीलता १८ टक्क्यांनी वाढते, आणि लावणं थांबवल्यावर आठवड्याभरात ती उतरते. साऱ्या प्रकरणात हाच एक टक्का त्याला ठाऊक नाही. त्याची सनस्क्रीनची ट्यूब वर्षभर पुरते, कारण तो ती वाटाण्याएवढी लावतो, तीही फोटो काढायचा असेल तर. एरवी दुपारी एक वाजता तो सिग्नलला स्कूटरवर उभा असतो, हेल्मेटची काच वर केलेली, तोंड उन्हाकडे, आणि आरशात वाकून हनुवटीवरचा मुरूम किती टक्के बसला ते बघत.