मानद पाळणाघरप्रमुख

निवृत्तीनंतर माणसाला कुणी विचारत नाही, असं म्हणणाऱ्याच्या घरी नातवंड नसावं. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. शाल कपाटात गेली, श्रीफळाच्या वड्या झाल्या आणि त्या घड्याळाखाली बसून मी आता हिंजवडीतल्या दोन कंपन्यांत एकदम नोकरी करतो. एक कंपनी मुलाची, दुसरी सुनेची. हजेरी दोन्हीकडे सक्तीची, पगार दोन्हीकडे नाही. पण एखाद्या दिवशी मला ताप भरला, की एक अमेरिकेतला आणि एक जर्मनीतला असे दोन क्लायंट अडून बसतात. बँकेत माझ्यावाचून कुणाचं एवढं अडल्याचं आठवत नाही. उलट साहेब रजेवर असले की कामं लवकर उरकतात, असं आमचा कॅशियर माझ्यादेखत म्हणायचा.

कामाचं स्वरूप असं. नात मुक्ता, वय दोन वर्षं आणि वर काही महिने. तिला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सांभाळायचं. मुख्य अधिकारी आमची ही, मी हाताखालचा. ही शाळेत शिकवायची. अख्खा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करण्याची तिची ख्याती होती. मुक्ता ती नजर ओळखते आणि खुदकन हसते. माझ्याकडे कावळा दाखवणे, लिफ्टची सगळी बटणं दाबू न देणे आणि वरणभाताचा शेवटचा घास अशी तीन खाती आहेत. थकीत कर्जांची वसुली मी आयुष्यभर केली, पण हा शेवटचा घास काही वसूल होत नाही.

मग कंपन्या काहीच करत नाहीत का? छे, भरपूर करतात. इतकं करतात, की ते वाचायलाच एक माणूस लागतो, आणि तो मीच. बँकेतल्या माणसाला परिपत्रक दिसलं की हात शिवशिवतात. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात असं होतं की बाईला कामावर घेतानाच तिचे सगळे हक्क तिला लेखी आणि इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं कळवायचे. सुनेच्या कंपनीनं कळवलेत. नेमणुकीच्या कागदांच्या ढिगात, लॅपटॉपची बॅग हरवल्यास काय करावे आणि कार्यालयात कुत्रा आणू नये या दोन कलमांच्या मध्ये ते हक्क बसवले आहेत. सुनेनं ते वाचले नव्हते. मी दुपारी मुक्ता झोपल्यावर वाचले.

हक्क चांगले आहेत, उगाच नावं का ठेवा. आमच्या वेळी बाळंतपणाची रजा कायद्यात १२ आठवडे होती. दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ केली. शिवाय ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवंच आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा हवी. ‘माणसं’ म्हणजे बायका आणि पुरुष दोन्ही धरून, हे विशेष. कारण त्याआधीचा १९४८ चा कारखाना कायदा म्हणे ३० हून जास्त स्त्रिया कामाला असतील तरच पाळणाघर काढा. अशा ठिकाणी हिशेबी मालक काय करील, हे बँकवाल्याला शिकवावं लागत नाही. तो तीस बायका मोजून घेईल आणि एकतिसावीला सांगेल, “ताई, जागा भरली.” २०१७ च्या कायद्यानं ती पळवाट बुजवली.

सुनेच्या कंपनीचं पाळणाघर मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. भिंतीवर जिराफ, जमिनीवर मऊ चौकोन, कोपऱ्यात कॅमेरा. ताया प्रेमळ. खोट काढायला गेलेला मी खोट न काढता परत आलो, यावरून समजा. अडचण एवढीच, की ते हिंजवडीला आहे आणि आम्ही कोथरूडला. म्हणजे रोज सकाळी मुलीला उठवा, दूध पाजा, गाडीत बांधा आणि चांदणी चौकातून वाकडमार्गे न्या. आयटीतल्या कोणालाही विचारा, त्या रस्त्यावर मोठी माणसंसुद्धा रडतात. मुक्ता तर पहिल्याच आठवड्यात भूमकर चौकात आईच्या ओढणीवर, लॅपटॉपच्या बॅगेवर आणि कंपनीच्या ओळखपत्रावर भडाभडा ओकली. ओळखपत्रावरचा फोटो धुऊनही पिवळट राहिला आहे. गेटवरचा रखवालदार अजून दोनदा निरखून बघतो म्हणे.

त्या चार भेटींचंही ऐकून ठेवा. सुनेचं टेबल अकराव्या मजल्यावर, पाळणाघर पलीकडच्या इमारतीत. लिफ्टची वाट बघा, कार्ड टेकवा, रस्ता ओलांडा, पुन्हा कार्ड टेकवा, चपला काढा. लेकीला उचलून घ्यावं तोवर फोन थरथरतो, “गौरी, दोन मिनिटं जॉइन होतेस का?” कायद्यानं चार भेटी दिल्या आहेत, त्या भेटीत मुलीचं तोंड दिसलंच पाहिजे असं काही म्हटलेलं नाही.

तेव्हा मुक्ता आमच्याकडे आली. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पाळणाघर ५०० मीटरच्या आत असावं असं सुचवलं आहे. स्वयंपाकघरापासून आमच्या दिवाणखान्यापर्यंत तेवढं अंतर भरत नाही, सबब आम्ही पात्र. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि मदतनीस असावी, असंही त्यात आहे. आमच्याकडे एका मुलामागे दोन पूर्णवेळ माणसं आहेत आणि संध्याकाळी पाचनंतर दोन्ही पाय वर करून पडलेली असतात. तत्त्वं लिहिणाऱ्यांनी दहाचा आकडा कुठून आणला, मला त्यांना एकदा भेटायचं आहे.

पण एका जागी मी अडतो. तो १९४८ चा कायदा सांगायचा, की कारखान्याच्या पाळणाघराची खोली हवेशीर, उजेडाची आणि स्वच्छ हवी आणि ती मुलं सांभाळण्याचं शिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या ताब्यात हवी. मी शिक्षण घेतलेला नाही आणि स्त्री तर मुळीच नाही. म्हणजे दोन कंपन्यांचा कारभार गेले कित्येक महिने दुहेरी बेकायदा माणसावर चाललेला आहे. हे मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अहो, आधी ते लंगोट वाळत घाला, मग काय ते बेकायदा व्हा.” मजा म्हणजे लंगोटांचीही सोय त्या कायद्यात होती. मुलांचे कपडे धुण्याबदलण्याची आणि मुलांना फुकट दूध देण्याची व्यवस्था करायला लावणारे नियम सरकारला करता येतील, असं त्यात लिहून ठेवलं होतं. १९४८ सालच्या माणसांना धुराड्याच्या कारखान्यात बसून दूध आणि दुपटी सुचली. आताच्या काचेच्या इमारतीतल्यांना सुचतो तो वेबिनार.

वेबिनार मुलाच्या कंपनीचा. विषय होता ‘मुलांना दर्जेदार वेळ कसा द्यावा’. वेळ संध्याकाळी सहा ते सात. त्या दिवशी समीर घरूनच काम करत होता. त्यानं खोलीचं दार लावलं, कानाला ते यंत्र अडकवलं आणि दर्जेदार वेळ शिकायला बसला. मुक्ता दाराबाहेर दोन्ही पंज्यांनी दार बडवत “बाबा, बाबा” करत होती. आतून तज्ज्ञ बाईंचा आवाज येत होता, की मूल हाक मारतं तेव्हा हातातलं काम ठेवून त्याच्या डोळ्यांत बघा. तेवढ्यात समीरनं दार बोटभर उघडलं आणि मला म्हणाला, “बाबा, प्लीज हिला खाली घेऊन जा ना, इथे काही ऐकू येत नाहीये.” मी घेऊन गेलो. नंतर त्याला प्रमाणपत्र आलं. मी ते फ्रेम करणार होतो, हिनं करू दिलं नाही.

समीरचा तरी काय दोष? कायद्यात त्याचं नावच नाही. ५० माणसं मोजताना बाप धरतात आणि भेटी मोजताना वगळतात. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा आहे. खाजगीत मालक देईल ती. समीरच्या मालकानं आठवडाभर दिली, आणि त्यातली निम्मी हॉस्पिटलच्या विमा खिडकीपुढे उभं राहण्यात संपली. सरकारी नोकरीतल्या बायकांचंही जरा बरं आहे. केंद्रात अख्ख्या नोकरीत मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा, आपल्या राज्यानं २०१८ मध्ये १८० दिवसांची दिली. हे ऐकून सून म्हणाली, “बाबा, मी इंजिनिअरिंगच्या ऐवजी एमपीएससी द्यायला हवी होती.”

मध्यंतरी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्याच सुमारास हिचा गुडघा संपावर गेला. पाळणाघराचा सगळा कर्मचारीवर्ग एकदम आजारी. मग मुक्ताला मागच्या गल्लीतल्या काकूंकडे ठेवलं. काकू तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं पोरं सांभाळतात, त्यांनी वाढवलेली काही पोरं आता स्वतःची पोरं घेऊन त्यांच्याकडे येतात. सुनेच्या कंपनीत पाळणाघराचे पैसे परत मिळायची सोय आहे, असं मीच त्या परिपत्रकातून शोधून काढलं होतं. पावती लावायची. काकूंना पावती मागितली. त्यांनी कालनिर्णयाचं मागच्या महिन्याचं पान फाडून पाठीमागे लिहिलं, ‘मुक्ताचे जूनचे पोचले. काकू.’ सुनेनं त्याचा फोटो चढवला. यंत्रानं तो नाकारला आणि जीएसटी क्रमांक मागितला.

मी काकूंकडे गेलो. त्या एकाला मांडीवर थोपटत, दुसऱ्याला भरवत होत्या आणि तिसऱ्याच्या मुठीतला खडा काढत होत्या. म्हणाल्या, “जीएसटी? मी मेली वरणभात भरवते, त्याला कसला जीएसटी? आणि भावोजी, तुमच्या त्या कंपनीला सांगा, एकदा येऊन ह्याची शी धुवा, मग नंबर देते.” मी हे जसंच्या तसं लिहून पाठवायचा आग्रह धरला होता. सुनेनं ऐकलं नाही. पैसे अर्थात आले नाहीत. प्राप्तिकरात मुलांच्या शिक्षणभत्त्यावर कित्येक वर्षं दर मुलामागे महिन्याला १०० रुपयांची सूट चालत आली, तीही दोनच मुलांपुरती. आपल्याकडे मुलांचा खर्च कोण कसा धरतो, हे त्यावरून ओळखावं. काकूंकडे महिन्याला पेरूसुद्धा त्याहून जास्तीचे लागतात.

आमच्या सोसायटीशेजारी नवा टॉवर उठतो आहे. मुक्ताला क्रेन आवडते म्हणून आम्ही रोज कुंपणापाशी उभे राहतो. आत वाळूच्या ढिगावर तिच्याच वयाचा एक पोरगा नागडा बसलेला असतो, शेजारी त्याची पाचसहा वर्षांची बहीण. ती त्याची पाळणाघरप्रमुख. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पन्नासहून जास्त स्त्रिया असतील तिथे पाळणाघर सांगितलं होतं. त्याच्या कितीतरी आधी, १९६९ मध्ये, मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच मजुरांच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेश’ सुरू केलं आणि १९७२ पासून मुंबईतही ते काम उभं राहिलं. इमारत जिथे जाईल तिथे पाळणाघर मागोमाग. या टॉवरच्या जाहिरातीत मात्र रहिवाशांच्या मुलांसाठी डे-केअर आहे, वातानुकूलित. इमारत पूर्ण झाल्यावर. मुक्तानं परवा आपलं बिस्कीट कुंपणाच्या जाळीतून आत दिलं. बहिणीनं ते मोडून भावाला दिलं आणि हात स्वतःच्या फ्रॉकला पुसले. माझ्याहून सहा दशकांनी लहान, आणि कामात माझ्याहून तरबेज.

तर समस्त एचआर मंडळींना या मानद कर्मचाऱ्याचा नम्र अर्ज. पगार नको, ओळखपत्र नको, दिवाळीचा सुक्या मेव्याचा डबाही नको (समीरचा येतो, काजू मीच खातो). कार्यालयाच्या पायथ्याशी जिराफ काढण्यापेक्षा तो खर्च घराजवळच्या काकूंवर करा आणि कालनिर्णयाच्या पाठीवरची पावती चालवून घ्या. चार भेटी बापालाही लिहून द्या, म्हणजे ‘दोन मिनिटं जॉइन होतोस का’ हे त्यालाही तिथेच ऐकू येईल. वेबिनार संध्याकाळी सहाला ठेवू नका. आणि पुढच्या महिन्यात ९ ते १४ आम्ही दोघं गणपतीपुळ्याला जातो आहोत. रिझर्वेशन झालेलं आहे, रद्द होणार नाही. तुमच्या क्लायंटना तसं आत्ताच कळवून ठेवा.