सौ. पिवळ्या चिठ्ठीबाईंना अनावृत पत्र

मु. पो. वाइनची गल्ली, नजरेच्या उंचीचं शेल्फ,
गावाबाहेरचं मोठं सुपरमार्केट, इंग्लंड.

सौ. पिवळीबाई यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, नाताळ तोंडावर आला आहे आणि तुम्ही पुन्हा उगवला आहात. गणपतीच्या आधी रस्तोरस्ती मखरवाले दिसू लागतात, तशा नोव्हेंबरात तुम्ही बाटल्यांच्या पायाशी लटकू लागता. अंगावर ठळक अक्षरांत एकच मजकूर: ‘बारा पौंडांची वाइन, आता फक्त सहा पौंड.’

बाई, मी पुण्याचा. माझा पिंड लक्ष्मी रोडवरच्या सेलमध्ये पोसलेला. निम्मा भाव दिसला की वस्तू काय आहे हे बघायच्या आत आमचा हात पुढे होतो. त्यात वाइनमधलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. गेल्या नाताळात तुमच्यावर विश्वास ठेवून मी एकदम सहा बाटल्या उचलल्या आणि ‘छत्तीस पौंड वाचवले’ असं घरी येऊन जाहीर केलं. ‘वाचवले की घालवले?’ असं बायकोने विचारलं. तो प्रश्न मी तेव्हा कानाआड केला.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेजारचे निवृत्त आजोबा आले. चकली, चेडर आणि तुमची ती तांबडी वाइन असा थाट मांडला होता. आजोबांनी एक घोट घेतला, ग्लास दिव्याकडे धरला आणि म्हणाले, ‘इंटरेस्टिंग.’ बाई, तुम्ही इथल्याच, त्यामुळे तुम्हाला याचा अर्थ सांगायला नको. इंग्रजाचं ‘इंटरेस्टिंग’ हे पुणेरी ‘बरं आहे’च्याही दोन पायऱ्या खाली असतं. त्यांनी चकली मात्र चार वेळा मागून घेतली. उरलेल्या पाच बाटल्या मी दालचिनी, लवंग, संत्र्याची साल आणि साखर घालून गरम केल्या. इथे याला मल्ड वाइन म्हणतात. आमच्याकडे काढा म्हणतात.

पुढे जानेवारीत, पैसे संपल्यावर माणूस करतो ते मी केलं. हिशेब मांडला. विजेच्या बिलाच्या पाठीमागे लिहिलेला तो कागद आज तुमच्यापुढे ठेवतो.

या देशात वाइनवरचा कर बाटलीच्या किमतीवर नाही, तिच्यातल्या अल्कोहोलवर बसतो. १ फेब्रुवारी २०२५ ला लागू झालेल्या दराने साडेबारा टक्के अल्कोहोलच्या नेहमीच्या बाटलीवर तो २ पौंड ७७ पेन्स होता. वर वीस टक्के व्हॅट, तोही या करासकट सगळ्या रकमेवर. म्हणजे तुमच्या सहा पौंडांतला एक पौंड व्हॅटचा, २.७७ कराचे. उरले २ पौंड २३ पेन्स. त्यात काचेची बाटली, बूच, लेबल, जहाज, ट्रक, दुकानदाराचा नफा, आणि या सगळ्यांचं भागून काही उरलंच, तर द्राक्षं.

आता नऊ पौंडांची बाटली घ्या. व्हॅट दीड पौंड, कर तोच २.७७. उरले ४ पौंड ७३ पेन्स. दाम दीडपट झाले आणि वाइनवाल्याच्या पदरात दुपटीहून जास्त पडलं. तुम्ही किंमत निम्मी केलीत तरी सरकार आपला कर निम्मा करत नाही. मग बारा पौंडांची वाइन सहाला विकणं कुणाला कसं परवडतं? सरळ आहे. ती मुळातच सहाची होती. बाराला ती काही दिवस उभी होती, ती फक्त तुम्हाला लटकायला जागा व्हावी म्हणून.

तुमच्या बहिणीचीही गोष्ट हीच. ‘कोणत्याही सहा घ्या, पंचवीस टक्के सूट मिळवा’ असं ती सांगत असते. तिच्या नादाने माणूस चार चांगल्या घेतो आणि संख्या भरायला दोन ‘इंटरेस्टिंग’. स्कॉटलंडात मात्र तुम्हा दोघींची डाळ शिजत नाही. तिथे जास्त घेतल्यावर मिळणारी सूट २०११ पासून बंद आहे. शिवाय सप्टेंबर २०२४ अखेरीपासून अल्कोहोलच्या दर युनिटला किमान ६५ पेन्स घ्यावेच लागतात. म्हणजे तुमची ती सहा पौंडांची बाटली तिथे ६ पौंड ९ पेन्सच्या खाली विकणं बेकायदा. सीमा ओलांडताना जपून जा.

या वर्षी मी तुमच्याकडे बघितलं नाही. आजोबांना बरोबर घेतलं आणि त्यांच्या मागून वाकत वाकत खालची शेल्फं पाहिली. तुमचा तिथे फारसा वावर नसतो. शेरी तिथे गुडघ्याच्या उंचीवर धूळ खात पडलेली असते. आजीबाईंचं पेय म्हणून तरुण तिला हात लावत नाहीत, म्हणून तिचा भाव चढत नाही. वास्तविक स्पेनमधल्या हेरेसची ही वाइन निदान दोन वर्षं पिंपात मुरल्याशिवाय बाहेर पडत नाही. तिच्यातली अमोंतियादो, कोरडी आणि भाजक्या अक्रोडासारख्या वासाची, आपल्या मसाला शेंगदाण्यांबरोबर घ्या. ही जोडी हेरेसमध्ये कुणाला सुचली नसेल, हे त्यांचं दुर्दैव.

फसफसणारं हवं असेल तर शॅम्पेनचा हट्ट सोडायचा आणि क्रेमाँ घ्यायची. लुआर, बर्गंडी, अल्सास अशा फ्रान्सच्या इतर भागांतली ही वाइन. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायची रीत तीच, खालच्या यीस्टवर निदान नऊ महिने मुरणं सक्तीचं, आणि शॅम्पेन हे नाव लावायची परवानगी नाही म्हणून किंमत माणसातली. सुपरमार्केटचं स्वतःचं लेबल दिसलं तरी नाक मुरडायचं नाही, हेही आजोबांनीच शिकवलं. पाठीमागचं लेबल वाचायचं. गाव, साल, द्राक्षाची जात, बनवणाऱ्याचं नाव असं सगळं सांगणारी बाटली सहसा काही लपवत नाही. नुसतं सूर्यास्ताचं वर्णन असेल तर पुढे चालायचं.

मग आजोबा एलच्या, म्हणजे इथल्या पारंपरिक बिअरच्या, शेल्फापाशी थांबले आणि त्यांचा आवाज बदलला, आपल्याकडे हापूसचा विषय निघाल्यावर एखाद्याचा बदलतो तसा. अर्ध्या लिटरची, पाच टक्क्यांची एल घ्या. त्याच २०२५ च्या दराने कर साधारण ५४ पेन्स. बाटली २ पौंड ४० पेन्सची धरली तर व्हॅट ४० पेन्स. म्हणजे शंभरातले एकोणचाळीस सरकारजमा. तुमच्या सहा पौंडांच्या वाइनमध्ये हाच आकडा त्रेसष्ट आहे, बाई.

त्यातही त्यांनी ‘बॉटल कंडिशन्ड’ असं लिहिलेल्या बाटल्या निवडल्या. या बाटलीत जिवंत यीस्ट असतं आणि बिअर आतल्या आत पिकत राहते. १९७१ मध्ये ‘कामरा’ ही ग्राहकांची संघटना उभी राहिली ती अशीच जिवंत एल वाचवायला. ओतायची रीत आजोबांनी आमच्या ओट्यापाशी दाखवली. बाटली दिवसभर उभी ठेवायची, ग्लास तिरपा धरायचा, एका दमात सावकाश ओतायचं, मध्ये हात सरळ करायचा नाही. तळाशी बोटभर गाळ दिसला की थांबायचं. आमच्या आजीने पातेल्यातलं तूप असंच ओतलं असतं, बेरी तळाशी ठेवून.

आयपीएची बाटली उचलून ते म्हणाले, ‘ही तर तुमचीच.’ एकोणिसाव्या शतकात इथल्याच बर्टन गावाहून निघालेली ही इंडिया पेल एल आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने हेलकावे खात मुंबईला पोचायची, गोऱ्या साहेबांसाठी. आता मी तीच बर्टनपासून तासाभरावर, घरात चकलीबरोबर घेतो. इतिहासाने एवढी सूट दिली, तीही पिवळ्या चिठ्ठीशिवाय.

हे सगळं गावाकडे सांगितलं की भाऊ हसतो, कारण तिकडे हा प्रश्नच आला नाही. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मंजुरी दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आणि तो निर्णय कसा बारगळला, हे तुम्हाला ठाऊक नसेल. संस्कृती बुडेल, अशी भीती होती. बाई, संस्कृतीचं मला सांगता येणार नाही, पण तुम्ही तिकडे गेला असतात तर माझ्यासारख्यांचं बजेट नक्की बुडालं असतं.

आता तुमच्याबद्दल एक चांगला शब्द. वर्षातून एकदा तुम्ही खरं बोलता. २७ डिसेंबरला. सांताक्लॉज आणि लाल नाकाचं हरीण लेबलवर मिरवणाऱ्या नाताळच्या एल तेव्हा ढकलगाडीत कोपऱ्यात लावलेल्या असतात. सहा-सात टक्क्यांची, गडद, मुरलेली बिअर, मुदत संपायला अजून कित्येक महिने, दोष एवढाच की जानेवारीत कुणाला हरीण नको असतं. तिथे तुम्ही लिहिता ‘अर्ध्या किमतीत’, आणि ती खरोखरच अर्धी असते.

त्या दिवशी सकाळी मी आणि आजोबा दारं उघडायच्या आधी येऊन उभे राहू. ओळख ठेवा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक बरं झालेलं गिऱ्हाईक

ता. क. नाताळच्या आदल्या रात्री सांतासाठी एक मिन्स पाय (नाताळचा गोड पदार्थ) आणि पेलाभर शेरी ठेवायची इथली रीत आमच्या मुलीने पाळायला घेतली आहे. या वर्षी अमोंतियादो ठेवणार आहे. गेल्या वर्षी तुमची वाइन ठेवली होती. सकाळी मिन्स पाय संपला होता, ग्लास मात्र भरलेला होता. आणि बाई, तो सांता मीच होतो.